पाऊण गुणाचा दिवा

ज्या वस्तूस शंभरांपैकीं जेमतेम पाऊण गुण मिळाला, तिच्या मागें लागून उमेदीचीं पांच-सहा वर्षें खर्चावींत काय, असा प्रश्न गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं उपस्थित झाला. प्रश्न घरगुती खरा; परंतु त्याच्या उत्तरासाठीं पदार्थविज्ञानाचा एक नवा अध्याय उलगडावा लागला, आणि तो उलगडतां उलगडतां प्रस्तुत लेखकाच्या एका जुन्या संवयीचीहि झडती झाली. म्हणून तो प्रसंग या सदराच्या वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

माझी नात यंदा बी. एस्सी. झाली. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत, जिला लोक थोडक्यांत 'आयसर' म्हणतात, पुढील अभ्यासासाठीं जावें व 'पेरोव्हस्काइट' नांवाच्या पदार्थापासून होणाऱ्या दिव्यांवर काम करावें, असें तिच्या मनानें घेतलें आहे. आमचें कुटुंब चितेगांवीं अद्याप एकत्र नांदत असल्यामुळें अशी गोष्ट एकट्या आईबापांनीं ठरवावयाची नसते. एके संध्याकाळीं वीज गेली होती. ओसरीवर सर्व मंडळी बसलीं असतां आमचे थोरले बंधु दादा यांनीं विषय काढला.

"तें पेरोव्हस्काइट म्हणजे काय प्रकरण आहे?"

"स्फटिकाची एक जात आहे, मोठे आजोबा. त्यांतून वीज सोडली कीं उजेड पडतो."

"किती पडतो?"

नात खोटें बोलणारी नाहीं. ती म्हणाली, "२०१४ सालीं केंब्रिजला साध्या हवामानांत चालणारा पहिला दिवा झाला, तेव्हां शंभरांत ०.७६. आणि तोहि डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा. हिरव्या रंगाच्या दिव्यास तर ०.१."

"शंभरांत पाऊण!" वहिनी म्हणाल्या, "एवढ्या गुणांवर आमचे भावजी पोरांस वर्गाबाहेर उभें करीत." सर्व मंडळी हंसलीं. मीहि हंसलों. नात कांहीं न बोलतां उठून आंत गेली. अंधारांत तिचा चेहरा दिसला नाहीं, परंतु तिच्या उठण्यांत जें होतें तें मला कळलें, आणि रात्रीं झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी तिला म्हटलें, "मला पहिल्यापासून शिकव. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला आहें, हें लक्षांत ठेव." तिनें जें शिकविलें, त्यांतील सार पुढें देत आहें.

प्रथम, हल्लीं घरोघर असलेला साधा एल.ई.डी. दिवा घेऊं. जुन्या तारेच्या दिव्यांत तार तापून शुभ्र होई आणि तापण्याच्या ओघांत थोडा उजेड मिळे. विजेचा बहुतेक भाग उष्णतेंतच जाई. एल.ई.डी.मध्यें तापविण्याची गोष्टच नाहीं. एका विशिष्ट स्फटिकाच्या एका अंगानें इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युत्कण, आंत येतात. दुसऱ्या अंगानें इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा येतात. त्यांस शास्त्रज्ञ 'पोकळ्या' म्हणतात. इलेक्ट्रॉन पोकळींत पडला म्हणजे त्याच्या अंगची जादा शक्ति प्रकाशाच्या एका कणाच्या रूपानें बाहेर पडते. तो किती उंचावरून पडला यावर प्रकाशाचा रंग ठरतो: थोड्या उंचीवरून तांबडा, अधिक उंचीवरून हिरवा, त्याहूनहि अधिक उंचीवरून निळा.

यांतील निळा रंग साधण्यास फार काळ लागला. तो साधणारे आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या त्या निळ्या दिव्यावरच आजचा पांढरा एल.ई.डी. उभा आहे. आपल्या सरकारनें जानेवारी २०१५ मध्यें आरंभिलेल्या 'उजाला' योजनेंतून असे छत्तीस कोटींहून अधिक दिवे वांटले गेले, तेव्हां ही विद्या आतां कोणास परकी राहिलेली नाहीं. तथापि या दिव्याचा स्फटिक गॅलियम व नायट्रोजन यांचा असतो, आणि तो नीलमण्याच्या जातीच्या तबकडीवर हजार अंशांहून अधिक उष्णतेंत, मोठ्या खर्चाच्या भट्टींत वाढवावा लागतो. स्फटिक असा, कीं त्याला घडवितांना घाई चालत नाहीं व गरिबी तर मुळींच चालत नाहीं.

पेरोव्हस्काइटाची मातब्बरी येथेंच आहे. या नांवाचा मूळ खनिज १८३९ सालीं रशियांतील उरल पर्वतांत सांपडला. जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव्ह रोझे यानें त्यास लेव्ह पेरोव्हस्की या रशियन गृहस्थाचें नांव दिलें. मूळ खनिजांत कॅल्शियम, टायटॅनियम व ऑक्सिजन हीं द्रव्यें होतीं. पुढें तें नांव द्रव्यांचें न राहतां त्यांच्या मांडणीचें झालें. चौसोपी वाड्याची बांधणी एकच असते, आंत राहणारें कुटुंब मात्र गांवोगांव निराळें असतें, तसें हें आहे. ज्या पेरोव्हस्काइटाचा दिवा होतो त्याच्या वाड्यांत सीझियम, शिसें व ब्रोमीन असें कुटुंब राहतें, आणि तें हिरवा उजेड देतें. ब्रोमीनच्या जागीं आयोडीन आणलें कीं रंग तांबड्याकडे जातो. क्लोरीन आणलें कीं निळ्याकडे.

याला भट्टी लागत नाहीं. द्रव्यें द्रावणांत विरघळवून कांचेवर पातळ थर द्यावयाचा, आणि पाणी उकळण्याइतक्या किंवा त्याहूनहि कमी उष्णतेंत तो वाळवावयाचा, कीं स्फटिक आपोआप जमतात. शिवाय याचा रंग अत्यंत निर्भेळ असतो. हिरवा म्हणजे हिरवाच, त्यांत पिवळ्याची वा निळ्याची भेसळ नाहीं. या निर्भेळपणाचें महत्त्व चितेगांवकरांस वेगळें सांगावयास नको. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, पैठणकडे येतांना चौदाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ आमच्याच शिवारांत व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला, आणि एके काळीं तेथून रंगीत दूरचित्रवाणी संच देशभर जात. त्या पडद्यावरील प्रत्येक रंग तांबडा, हिरवा व निळा या तिहींच्याच मिश्रणानें होतो. हे तीन जितके निर्भेळ, तितकें चित्र खरें. रंगारी तीच गोष्ट कुंकवाच्या व हळदीच्या बाबतींत सांगेल.

आणखी एक गुण ऐकून तर मला संस्कृत पाठशाळेचे दिवस आठवले. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आंतील माजघर व बाहेरील अंगण दोन्ही उजळतो, यास देहलीदीपन्याय म्हणतात. पेरोव्हस्काइट हें असेंच उंबऱ्यावरचें द्रव्य आहे. त्यास सूर्यप्रकाश द्यावा तर वीज देतें; वीज द्यावी तर प्रकाश देतें. पुण्याच्या आयसरमधील विद्यार्थी अभिषेक स्वर्णकार यांनीं अमेरिकेंतील प्रयोगशाळेंत इतरांच्या सहकार्यानें सीझियम, शिसें व आयोडीन यांच्या सूक्ष्म स्फटिकांचे सौरघट केले. तें काम २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. त्या घटांची कार्यक्षमता १०.७७ टक्के भरली, आणि तेच घट उलट चालविले असतां दिव्यासारखे उजळले.

इतके गुण असतांना गुणपत्रिकेवर मात्र पाऊणच कां? येथें नातीनें कागद बाजूस सारला व म्हणाली, "आजोबा, हें मोठ्या आजोबांसमोर सांगतें. त्यांस माझ्याहून चांगलें समजेल." आम्ही दोघें दादांकडे गेलों. ते मळ्यांतील जुन्या विहिरीच्या कट्ट्यावर बसले होते. तिनें विचारलें, "मोठे आजोबा, मोट चालूं होती तेव्हां विहिरींतून निघालेलें सगळें पाणी वाफ्यांत पोंचे काय?"

दादांनीं लहानपणीं मोट हांकली आहे. ते हंसून म्हणाले, "सगळें कसें पोंचेल? कधीं नाडा सैल पडे, बैल आधीं वळत, मोट थारोळ्यांत रिती होण्याच्या आधींच अर्धी खालीं सांडे. थारोळ्यांत पडलेलें पाटानें जाई, तर पाटांत उंदरांचीं व खेकड्यांचीं बिळें. तेथून वांचलेलें वाफ्याशीं येई, तर दारें धरणारा पोरगा झोंपलेला. पाणी पाटांतच तुंबून राही."

"झालें तर," नात म्हणाली, "दिव्याच्या याच तीन गळत्या आहेत."

पहिली गळती मोटेची. इलेक्ट्रॉन एका बाजूनें व पोकळ्या दुसऱ्या बाजूनें सारख्याच वेगानें व सारख्याच संख्येनें स्फटिकाच्या थरांत यावयास हव्यात. एका बाजूची आवक जास्त झाली कीं जोडीदार न भेटलेले कण थर ओलांडून तसेच निघून जातात. वीज खर्च होते, उजेड पडत नाहीं.

दुसरी गळती बिळांची. द्रावणांतून झटपट जमलेल्या स्फटिकांत, विशेषतः त्यांच्या पृष्ठभागावर व सांध्यांत, कोठें एखादा अणु गहाळ असतो, कोठें शिशाचा अणु उघडा पडलेला असतो. अशा दोषस्थानीं इलेक्ट्रॉन अडकला म्हणजे तो पोकळीशीं भेटतो खरा, परंतु प्रकाश न देतां. त्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें जिरून जाते.

तिसरी गळती दाऱ्याची. निर्माण झालेला सर्व प्रकाश बाहेर येतोच असें नाहीं. पाण्यांत बुडी मारून तिरपें वर पाहिलें असतां पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, हा अनुभव नदींत पोहणाऱ्या प्रत्येकास आहे. दाट पदार्थांतून विरळ पदार्थांत जातांना तिरपा किरण आंतच परततो. पेरोव्हस्काइट प्रकाशाच्या दृष्टीनें पाण्याहून कितीतरी दाट असल्यामुळें सपाट थरांतून ढोबळमानानें चौथा-पांचवा हिस्साच बाहेर पडतो. बाकीचा आंतल्या आंत परावर्तन पावून जिरतो.

आतां गंमत अशी कीं, या तीन गळत्यांची बेरीज करावयाची नसते. गुणाकार करावयाचा असतो. समजण्यापुरते आंकडे घेऊं. शंभर इलेक्ट्रॉनांपैकीं चाळीसच जोडीदारास भेटले. त्या चाळिसांपैकीं दहा टक्क्यांनींच प्रकाश दिला, म्हणजे चार. त्या चार प्रकाशकणांपैकीं पांचवा हिस्सा बाहेर आला, म्हणजे ०.८. बघा, पाऊण गुणाच्या जवळपास आलोंच कीं नाहीं! यांत कोठेंहि 'दिवा नालायक आहे' असें सिद्ध झालें नाहीं. सिद्ध एवढेंच झालें कीं, तीन ठिकाणीं गळतें. आणि याच गणिताची दुसरी बाजू अशी: पहिली गळती शंभरांत दहांवर आणली, दुसरीहि दहांवर आणली, आणि दाऱ्यांतून पंचवीस टक्के प्रकाश सोडतां आला, तर ९०, ९० व २५ टक्के यांचा गुणाकार २०.२५ येतो. पाऊणाचे वीस झाले, आणि द्रव्य तेंच राहिलें!

हें केवळ कागदावरचें गणित नाहीं, तसेंच घडलें. आणि त्यांत पुण्या-मुंबईचाहि वांटा आहे, हें सांगतांना मला विशेष समाधान वाटतें.

बिळें बुजविण्याचा एक मार्ग म्हणजे स्फटिक मोठा न करतां फार लहान करावयाचा आणि त्याच्या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणूंचें पांघरूण घालावयाचें. ते रेणू उघड्या अणूंस चिकटून दोषस्थानें निकामी करतात. २०१५ सालीं झुरिक येथें कोव्हालेंको यांच्या मंडळीनें सीझियम-शिशाच्या पेरोव्हस्काइटाचे असे सूक्ष्म स्फटिक केले. त्याच वर्षीं पुण्याच्या आयसरमधील डॉ. अंगशुमान नाग व त्यांचे सहकारी, आणि मुंबईच्या आय.आय.टी.मधील डॉ. अरिंदम चौधुरी व त्यांचे सहकारी, यांनीं सीझियम, शिसें व ब्रोमीन यांच्या ११ नॅनोमीटरच्या स्फटिकांची कसून परीक्षा करून ती प्रसिद्ध केली. ११ नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारें सात हजारावा भाग समजावा. या स्फटिकांवर प्रकाश पाडला असतां शोषलेल्या शंभर प्रकाशकणांपैकीं सुमारें नव्वद ते पुन्हां प्रकाशरूपानें परत देत. २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविले तरी रंग आपल्या जागेवरून हलत नसे. एकेक कण सुटा पाहिला असतां जुन्या जातीचे असे सूक्ष्म कण काजव्याप्रमाणें लुकलुकत. हे मात्र शंभरांतील सुमारें नव्वद कण बहुतेक वेळ तेवत राहत.

येथें एक भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. ही परीक्षा प्रकाश पाडून केलेली होती, वीज सोडून नव्हे. म्हणजे तिनें दुसरी गळती जवळजवळ बंद होऊं शकते एवढें दाखविलें. पहिली व तिसरी अजून शिल्लक होत्या. परंतु बिळें बुजूं शकतात हें एकदां दिसल्यावर पाट सोडून देण्याचें कारण उरलें नाहीं.

त्याच २०१५ सालीं दक्षिण कोरियांत ते-वू ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं द्रावणांत ब्रोमीनयुक्त क्षार किंचित् अधिक घातला. त्यामुळें उघडें धातुरूप शिसें मागें राहीनासें झालें, स्फटिकाचे कणहि बारीक जमले, आणि हिरव्या दिव्याची कार्यक्षमता ८.५३ टक्क्यांवर गेली. म्हणजे वर्षभरांपूर्वींच्या हिरव्या दिव्याच्या पंचाऐंशीपट!

२०१८ च्या ऑक्टोबरांत दोन बातम्या एकदम आल्या, आणि दोहोंची युक्ति निराळी होती. चीनमधील शियामेन येथील विद्यापीठाच्या मंडळीनें स्फटिकांभोंवतीं रक्षक थर जमविला व वर एक अतिशय पातळ प्लास्टिकसारखा थर देऊन अधिक वेगानें येणाऱ्या कणांस आवर घातला, जेणेंकरून दोन्ही बाजूंची आवक सारखी व्हावी. यांत पहिली व दुसरी अशा दोन्ही गळत्यांचा बंदोबस्त झाला. हिरवा दिवा २०.३ टक्क्यांवर आला. नानजिंगच्या मंडळीनें तिसऱ्या गळतीस हात घातला. त्यांनीं द्रावणांत अमिनो आम्ल मिसळलें, तेव्हां सपाट थराऐवजीं सुट्या सुट्या बारीक वड्यांसारखे स्फटिक आपोआप जमले. त्यांच्या कडांवर आपटून आंत कोंडलेला प्रकाश बाहेर पडूं लागला, आणि तेंच आम्ल दोषहि झांकूं लागलें. त्यांचा अवरक्त दिवा २०.७ टक्क्यांवर गेला. २०२२ सालीं पुन्हां कोरियांतून २८.९ टक्क्यांच्या हिरव्या दिव्याची वार्ता आली. पाऊण गुणापासून येथवर यावयास आठ वर्षें लागलीं. पहिलीच्या मुलास हायस्कुलांत जावयास जेवढा काळ लागतो, तेवढाच हा काळ.

हें सर्व ऐकून दादा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं शेतकऱ्याचा प्रश्न विचारला: "तो टिकतो किती?"

वाचकहो, या प्रश्नावर नातीनें पळवाट काढली नाहीं, याचा मला तिच्या पदवीपेक्षां अधिक आनंद वाटला. टिकण्याच्या बाबतींत हा दिवा अजून कच्चा आहे. २०२२ च्या त्या उत्तम दिव्याचें तेज १,००० कँडेला प्रति चौरस मीटर इतकें ठेवलें असतां ५२० तासांत निम्म्यावर आलें. रोज पांच तास लावला तर साडेतीन महिनेच झाले. मंद, म्हणजे त्याच्या दशांश तेजानें चालविल्यास तो ३०,००० तासांहून अधिक चालेल असा त्यांचा अंदाज आहे; परंतु अंदाज तो अंदाज. कारण असें कीं, या वाड्यांतील कांहीं भाडेकरूंस स्थैर्य नाहीं. विजेचा दाब पडला कीं ब्रोमीन, आयोडीन यांचे विद्युत्भारित अणु जागा सोडून सरकूं लागतात व मागें नवीं बिळें पाडीत जातात. दमट हवा तर त्यांस मुळींच सोसत नाहीं.

दुसरें न्यून निळ्या रंगाचें. निळ्यासाठीं ब्रोमीन व क्लोरीन एकत्र नांदवावें लागतें, आणि वीज चालूं होतांच तीं दोघें वेगळीं निघूं पाहतात. मग रंग पालटतो. हिरवा व तांबडा पुढें गेले, निळा मागें राहिला, आणि तिघांवांचून पडदा होत नाहीं.

तिसरें न्यून शिशाचें. पडद्यांतील थर अतिशय पातळ असल्यामुळें शिसें थोडेंच असतें, तरी शिसें तें शिसेंच; लहान मुलांच्या मेंदूस तें अपायकारक आहे. त्याच्या जागीं कथील घालण्याचे प्रयत्न चालूं आहेत, परंतु कथील हवेंत लवकर बिघडतें. या कारणांनीं विजेवर स्वतः उजळणारा पेरोव्हस्काइटाचा दिवा अद्याप बाजारांत आलेला नाहीं. तेव्हां त्याच्या नांवानें कोणी कांहीं विकावयास दारीं आल्यास गृहिणींनीं त्यास चहा पाजून परत पाठवावें.

आतां त्या झडतीविषयीं, जिचा उल्लेख आरंभीं केला. मी गणित शिकवीत असें तेव्हां एका मुलास वार्षिक परीक्षेंत शंभरांत चार गुण पडले होते. तांबड्या शाईनें आंकडा लिहिला, खालीं रेघ ओढली आणि उत्तरपत्रिका त्याच्या हातीं दिली. वर्गांत कांहीं मुलें हंसलीं. मी त्यांस गप्प केलें नाहीं. पुढील वर्षीं तो मुलगा शाळेंत आला नाहीं. उन्हाळ्यांत रद्दी आवरतांना त्याची सरावाची वही सांपडली, ती चाळली. वजाबाकींत उसना घेतल्यावर शेजारच्या आंकड्यांतून तो एक कमी करावयास तो विसरत असे. प्रत्येक उदाहरणांत तेवढीच एक चूक. एक बीळ होतें, बुजवावयास पंधरा मिनिटें लागलीं असतीं. चार गुण मीं पाहिले. शहाण्णव कोठें गेले, तें पाहण्याचें माझें काम होतें, तें मीं केलें नाहीं.

त्या संध्याकाळीं ओसरीवर मी हंसलों, तें तेंच हंसणें होतें. केंब्रिजच्या, कोरियाच्या, पुण्याच्या माणसांनीं ०.७६ हा आंकडा वाचून शेरा मारला नाहीं. उरलेले नव्व्याण्णव कोठें गेले, याचा त्यांनीं शोध केला. एक गळती एकानें धरली, दुसरी दुसऱ्यानें. कार्यक्षमता वाढविणें म्हणजे बहुतेक वेळीं नवें कांहीं आणणें नसतें. जें हातचें जात आहे तें कोठून जातें हें शोधणें असतें. घरच्या जमाखर्चास, मुलांच्या अभ्यासास आणि विजेच्या दिव्यास हा नियम सारखाच लागू आहे. मात्र शोधूनहि न सांपडणाऱ्या गळत्या असतात, आणि पांच-सहा वर्षांचें काम फुकट जाण्याचा संभव असतो, हेंहि घरांतल्या वडील मंडळींनीं डोळे उघडे ठेवून मान्य केलें पाहिजे. यशाची हमी मागून मुलांस संशोधनास पाठवितां येत नाहीं. आम्हीहि ती मागितली नाहीं.

त्या दिवशीं विहिरीवरून उठतांना दादांनीं काठी टेकली व नातीस म्हणाले, "जा. पण उजेड किती पडतो तें पाहणारे पुष्कळ झाले. टिकतो किती, त्याच्या मागें लाग." रात्रीं जेवतांना वहिनींनीं लग्नाचा विषय एकवार काढला व आपणच मिटविला, मग एवढेंच विचारलें, "तें शिसें हातानें धरावें लागतें काय ग?" हातमोजे घालतात, असें कळल्यावर त्या म्हणाल्या, "तरी जेवणाआधीं हात धुवीत जा."

आषाढाच्या अखेरीस ती पुण्यास गेली. जातांना मी तिला माझी तांबड्या शाईची लेखणी दिली. ती कशासाठीं, तें तिनें विचारलें नाहीं, व मीहि सांगितलें नाहीं.